इन्सुलिनची बाटली आणि खमिराचा दाणा

फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणाखाली, बऱ्याच घरांत आता एक छोटी बाटली किंवा पेन ठेवलेले असते. मुलांना ताकीद असते, त्याला हात लावायचा नाही, ते नानीचे आहे. नानी नाश्त्याआधी पोटाची चिमूट धरून सुई टोचून घेते आणि मग चहाच्या कपाकडे वळते. यात कुणालाच काही विशेष वाटत नाही. पण हीच बाटली पहिल्यांदा आपल्या घरांत आली तेव्हा तिच्याबरोबर एक प्रश्नही आला होता, आणि तो दबक्या आवाजात विचारला जाई : हे डुकराचे तर नाही ना?

प्रश्न अगदी रास्त होता. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडातला हा अर्क वेगळा काढला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचण्यात आला. त्याआधी लहान वयात साखरेचा आजार जडलेले मूल डोळ्यांदेखत झिजून जात असे आणि आईबाप काही करू शकत नसत. पुढची साठ वर्षे जगभरचे इन्सुलिन खाटीकखान्यांच्या दारातून आले. गुरांची आणि डुकरांची स्वादुपिंडे गोळा करायची, बारीक करायची आणि त्यांतून अर्क काढायचा. आठ औंस शुद्ध इन्सुलिन मिळवायला सुमारे दोन टन अवयव लागत. डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा अवघ्या एका कडीने वेगळे असते, गुरांचे तीन कड्यांनी. त्यामुळे दोन्ही माणसाला चालत. आपल्या घरात डुकराचा प्रश्न होता, शेजारच्या हिंदू घरात गाईचा. जीव वाचवायचा असेल आणि दुसरा इलाजच नसेल तर सवलत आहे, असे उलेमांनी सांगितले होते. ज्यांना घ्यावी लागली त्यांनी ती सवलत घेतली. मनातली खळखळ मात्र जात नव्हती.

आज खोक्यावर बारीक अक्षरांत ‘ह्यूमन इन्सुलिन, आर-डीएनए ओरिजिन’ असे छापलेले असते. याचा सोपा अर्थ असा की, माणसाच्या इन्सुलिनची कृती एखाद्या सूक्ष्म जिवाच्या अंगात घालून त्याच्याकडून ते बनवून घेतले आहे. हा जीव कधी जिवाणू असतो, तर कधी खमीर. होय, तोच खमीर, ज्याने नानचे पीठ फुगते, पावाला जाळी पडते आणि कोकणी घरांतले सांदण हलके होते. किंवा त्याच्याच भावकीतला दुसरा एखादा.

आता खमिराला इन्सुलिन बनवायला शिकवले असे म्हणणे सोपे आहे. पण पेशी म्हणजे चारी बाजूंनी बंद खोली. आत बनलेला माल भिंत न फोडता बाहेर यायचा कसा? हा प्रश्न एका माणसाने १९७६ मध्ये खमिरालाच विचारला, आणि त्या वेळी त्याच्या डोक्यात इन्सुलिन नव्हते, औषध नव्हते, कारखाना तर मुळीच नव्हता. रँडी शेकमन हे त्याचे नाव. २०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांतले एक.

त्यांच्याकडे वळण्याआधी आपल्याच स्वादुपिंडात डोकावू. मुलांचे आठवीचे विज्ञानाचे पुस्तक हाताशी असेल तर ‘पेशी व पेशीअंगके’ हा धडा काढावा. त्यात आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल ही दोन नावे आहेत. मुले ती परीक्षेपुरती पाठ करतात आणि विसरतात, आणि त्यात मुलांचा दोष नाही. चित्रात ती शेवयांच्या गुंत्यासारखी आणि एकावर एक ठेवलेल्या चपात्यांसारखी दिसतात, एवढेच. प्रत्यक्षात तिथे दिवसरात्र पाळी चालू असते. इन्सुलिनची साखळी प्रथम ११० कड्यांची तयार होते. तिच्या टोकाच्या २४ कड्या म्हणजे पत्त्याची चिठ्ठी : ‘हा माल बाहेर जाणार आहे, जालिकेत घ्या.’ जालिकेत शिरताच ती चिठ्ठी फाडली जाते. मग साखळीची घडी घातली जाते, तीन ठिकाणी टाके पडतात, घडी नीट बसली की नाही ते पाहिले जाते. नीट बसलेला माल एका इवल्याशा गोल पिशवीत भरून गॉल्गी संकुलाकडे जातो. तिथून पुढच्या पिशव्यांत भरला जातो, आणि त्या पिशव्यांत साखळीच्या मधली पट्टी कापून वेगळी होते. उरतात ५१ कड्या. हे झाले आपले इन्सुलिन.

कापून पडलेली पट्टीही वाया जात नाही. ती इन्सुलिनबरोबरच रक्तात उतरते, आणि डॉक्टर ‘सी-पेप्टाइड’ नावाची तपासणी लिहून देतात ती याच पट्टीची. बाटलीतल्या तयार इन्सुलिनमध्ये ही पट्टी नसते. म्हणून रक्तात ती किती आहे यावरून कळते की, रोग्याचे स्वतःचे स्वादुपिंड अजून किती काम करते आहे. रिपोर्टवर हे नाव दिसले तर आता घाबरायचे कारण नाही.

स्वादुपिंडाच्या एकेका बीटा पेशीत अशा भरलेल्या सुमारे दहा हजार पिशव्या तयार उभ्या असतात. आपण जेवतो, रक्तातली साखर वाढते, पेशीत कॅल्शियम शिरते, आणि पिशव्या पेशीच्या भिंतीला जाऊन मिळतात. साबणाचे दोन फुगे एकमेकांना चिकटून एक व्हावेत, तसे. पिशवीचे तोंड बाहेर उघडते, माल रक्तात पडतो, भिंतीला कुठे भोक राहत नाही.

हा रस्ता पहिल्यांदा नकाशावर आणला तो जॉर्ज पालाडे यांनी. जन्माने रुमानियाचे, काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. त्यांनी आणि जेम्स जेमीसन यांनी गिनिपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्या घेतल्या, तीन मिनिटे त्यांना किरणोत्सारी खाद्य दिले आणि मग साधे खाद्य चालू ठेवले. त्या तीन मिनिटांत बनलेल्या मालावर जणू खूण झाली. थोड्या थोड्या वेळाने त्यांनी चकत्यांची छायाचित्रे काढली. खूण आधी जालिकेत दिसली, मग गॉल्गीत, आणि दोन तासांच्या आत कडेच्या पिशव्यांत. १९७४ मध्ये पालाडे यांना नोबेल मिळाले. म्हणजे माल कोणत्या रस्त्याने जातो ते ठाऊक झाले. पण गाडी कोण हाकतो, पिशवी कोण शिवतो, कुठे थांबायचे हे कोण सांगतो, यातले काहीच माहीत नव्हते.

रँडी शेकमन यांचा जन्म १९४८ चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला. रशिया आणि बेसारेबियातून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबांचा हा नातू, पाच भावंडांतला थोरला. वडील इंजिनीअर. कुटुंब पुढे कॅलिफोर्नियात आले. पोराने खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली डबक्यातल्या पाण्याचा थेंब पाहिला आणि वेडाच झाला. खरा सूक्ष्मदर्शक घ्यायचा म्हणून शेजाऱ्यांची हिरवळ कापून, त्यांची लेकरे सांभाळून तो पैसे साठवू लागला. पण पाच मुलांचा संसार! महिनाअखेरीला आई त्याच डब्यातून उसने घेई. साठा काही शंभर डॉलरपर्यंत पोहोचेना. एका शनिवारी त्याचा संयम संपला. सायकल काढली, थेट पोलीस चौकी गाठली आणि अंमलदाराला सांगितले : मला घर सोडायचे आहे, आई माझे पैसे घेते, मला सूक्ष्मदर्शक घेता येत नाही. त्याच दुपारी वडील त्याला घेऊन गहाणवटीच्या दुकानात गेले आणि शंभर डॉलरला एक जुना सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. तो आज स्टॉकहोमच्या नोबेल संग्रहालयात आहे.

आपल्यातल्या कोणत्या आईने डब्यातले पैसे घेतले नाहीत? त्या माउलीवर आम्हाला रागावता येत नाही.

पुढचे शिक्षण सरकारी विद्यापीठात झाले, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. तेव्हा तिथली फी नाममात्र होती. मग स्टॅनफर्डमध्ये आर्थर कॉर्नबर्ग यांच्या हाताखाली डॉक्टरेट, आणि १९७६ मध्ये बर्कलीच्या, पुन्हा सरकारीच, विद्यापीठात नोकरी. सरकारी विद्यापीठ स्वस्त असले पाहिजे, हे शेकमन नोबेलनंतरही ठासून सांगत राहिले, कारण त्यांच्यासारख्या घरातला मुलगा दुसऱ्या कुठल्या दाराने आत आलाच नसता. संशोधनाचे लेख पैसे भरल्याशिवाय वाचता येत नाहीत, ही रीतही त्यांना पटली नाही. ‘ईलाइफ’ हे सर्वांना फुकट वाचता येणारे नियतकालिक निघाले तेव्हा त्याचे पहिले मुख्य संपादक तेच होते. बीडचा किंवा मालेगावचा एखादा विद्यार्थी आज ते मोबाइलवर उघडू शकतो.

बर्कलीत आल्यावर त्यांनी ठरवले की, पेशीतली ही मालवाहतूक खमिरात शोधायची. जाणकारांना हे पटेना. खमिराच्या पेशीत जालिका नि गॉल्गी धड दिसतही नाहीत, मग त्यात काय शोधणार? संशोधनाच्या पैशासाठी केलेला त्यांचा पहिला मोठा अर्ज अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी साफ नाकारला. दुसऱ्या एका सरकारी निधीतून थोडी मदत मिळाली आणि काम सुरू झाले.

त्यांची युक्ती अशी होती. यंत्र कसे चालते ते समजत नसेल तर त्याचा एकेक भाग बिघडवून पाहायचा. खमिराच्या पेशींवर रसायनाचा मारा करून त्यांच्या जनुकांत कुठे ना कुठे चूक घडवायची. लाखो पेशींत लाखो चुका. त्यातली एखादी चूक नेमकी मालवाहतुकीची असेल. पण वाहतूक बंद पडली तर पेशी मरणार, मग तिचा अभ्यास करायचा कसा? म्हणून अशा चुका निवडायच्या, ज्या साध्या खोलीच्या तापमानात दबून राहतात आणि ३७ अंशांवर उघड्या होतात. थंड ठेवले की पेशी सुखाने वाढतात, गरम केले की वाहतूक ठप्प. वीज घालवायचे बटण हाती आल्यासारखे.

तरीही गवताच्या गंजीतून सुई शोधायची होती. इथे शेकमन आणि त्यांचा विद्यार्थी पीटर नोव्हिक यांना जी गोष्ट सुचली ती इतकी सरळ आहे की, घरातल्या बाईलाही ती चटकन पटावी. ज्या पेशीचा माल बाहेर जात नाही, ती आत माल भरतच राहते. पण पिशव्या भिंतीला मिळत नसल्याने भिंत वाढत नाही, अंग तेवढेच राहते. म्हणजे अंग तेवढेच आणि वजन जास्त. डाळ धुताना पोकळ दाणे वर तरंगतात आणि भरलेले तळाशी बसतात ना? त्यांनी पेशी घट्ट-पातळ थरांच्या द्रवात टाकून फिरवल्या. जड पेशी खाली गेल्या. त्या तळाच्या पेशींतच त्यांना हव्या असलेल्या सापडल्या.

पहिल्या बिघडलेल्या पेशीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले चित्र आले तेव्हा साऱ्या शंका फिटल्या. सारी पेशी पिशव्यांनी ठासून भरलेली होती. संपाच्या दिवशी गोदीत पेट्यांच्या थप्प्या लागाव्यात तशी. हे काम १९७९ मध्ये छापून आले. १९८० मध्ये त्यांनी अशी २३ जनुके जाहीर केली, ज्यांतले कोणतेही एक बिघडले की वाहतूक अडते. काही बिघडली की माल जालिकेतच साचे, काही बिघडली की गॉल्गीत, काही बिघडली की अगदी दारात. कुठे काय साचते त्यावरून कोणता कामगार कोणत्या नाक्यावर बसतो हे उलगडत गेले. या जनुकांना त्यांनी ‘सेक’ हे नाव देऊन पुढे क्रमांक लावले. सेक-१, सेक-१८, सेक-२३ असे.

त्याच सुमारास जेम्स रॉथमन स्टॅनफर्डमध्ये अगदी उलट्या वाटेने निघाले होते. ते सस्तन प्राण्यांच्या पेशी फोडून त्यांतली वाहतूक परीक्षानळीत पुन्हा चालू करत होते. त्यांना जे पहिले प्रथिन सापडले ते शेकमन यांच्या सेक-१८ चाच जुळा भाऊ निघाला. खमीर आणि सस्तन प्राणी! ज्या जिवाला आपण चिमूटभर पिठात टाकतो त्याच्या आणि आपल्या पेशीत माल हलवणारे कामगार एकाच घराण्यातले आहेत, हे तेव्हा निश्चित झाले. अल्लाहच्या कारागिरीतली ही एकसारखी वीण पाहून आम्ही तरी थक्क होतो. तिसरे मानकरी टॉमस स्यूडहॉफ. मेंदूच्या पेशीत पिशव्या अचूक क्षणी कशा उघडतात, कॅल्शियमची खूण कोण ओळखतो, ते त्यांनी दाखवले. सुरकुत्या घालवायला टोचतात ते बोटॉक्स याच ठिकाणी घाव घालते. पिशवीला भिंतीशी जोडणारे आकडे ते कापते, मग मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोहोचत नाही.

आता पुन्हा नानीच्या बाटलीकडे.

माणसाचे पहिले कारखान्यातले इन्सुलिन १९८२ मध्ये बाजारात आले, ते जिवाणूकडून बनवून घेतलेले. जिवाणूच्या पेशीत जालिका नाही, गॉल्गी नाही. त्याच्या पोटात इन्सुलिनच्या साखळीचे गोळे साचतात. पेशी फोडून ते काढावे लागतात आणि घडी पुन्हा घालावी लागते. ती पद्धतही उत्तम चालते आणि आजही चालू आहे. पण खमिरात आपल्यासारखी जालिका आहे, घडी घालणारे कामगार आहेत, पिशव्या आहेत. खमिराची पेशी जोडीदाराला बोलावण्यासाठी एक छोटा रेणू बाहेर सोडते. त्या रेणूच्या पत्त्याची चिठ्ठी इन्सुलिनच्या साखळीला चिकटवली की, खमीर निमूटपणे ती साखळी घडी घालून, पिशवीत भरून बाहेरच्या पाण्यात आणून सोडतो. पेशी फोडायची गरज नाही. डेन्मार्कच्या नोवो कंपनीने १९८७ मध्ये असे इन्सुलिन बाजारात आणले. जगात वापरल्या जाणाऱ्या या नव्या इन्सुलिनपैकी सुमारे एक तृतीयांश खमिरातून येते असे नोबेलच्या वेळी सांगितले गेले. आपल्याकडे वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमध्ये आणि बायोकॉनने २००४ मध्ये बंगळूरमध्ये खमिराच्याच जातींकडून इन्सुलिन बनवून घेतले.

म्हणजे इन्सुलिन शेकमन यांनी बनवले असे कुणी समजू नये. ते अनेक हातांचे काम आहे. पण खमिराची पेशी माल बाहेर कशी पाठवते आणि ती वाट आपल्याच पेशीसारखी आहे, हा भरवसा त्या २३ जनुकांनी दिला. दबक्या आवाजातला जुना प्रश्न आपल्या घरांतून हळूहळू निघून गेला. उत्तर कुठून आले ते मात्र आपल्याला कुणी सांगितले नाही.

सगळ्याच औषधांचे असे झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून निघते. शंका असेल तर डॉक्टरांना आणि आलिमांना दोघांनाही विचारावे, पण चालू औषध मनाने बंद करू नये. रमजानचेही तसेच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजे धरायचे की नाही आणि धरायचे तर मात्रा कशी बदलायची, हे रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांकडे जाऊन ठरवावे. चाँदरातीला फोन करून नव्हे.

वाहतूक बिघडली तर काय होते, हे खमिरापुरते राहिले नाही. सौदी अरबस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबात काही मुलांची टाळू भरून यायला फार उशीर होत होता, डोळ्यांत मोतीबिंदू होते, चेहऱ्याची ठेवण वेगळी होती. नात्यात लग्ने होणारे कुटुंब. शोध घेता घेता डॉक्टर २००६ मध्ये ज्या जनुकापर्यंत पोहोचले ते होते सेक-२३ चे माणसातले रूप. बर्कलीत खमिराच्या पेशीत सापडलेले तेच! जालिकेतून निघणाऱ्या पिशवीचे बाहेरचे अस्तर ज्या प्रथिनांचे बनते, त्यांतले हे एक. त्यात एकच कडी बदलली होती. हाडाला मजबुती देणारे कोलॅजन हे पेशीतून निघणाऱ्या मालातले सर्वांत लांबलचक सामान. नेहमीच्या पिशवीत ते मावतही नाही, त्याच्यासाठी अस्तर नीट ताणले जावे लागते. अस्तर कच्चे, म्हणून कोलॅजन जालिकेतच अडकले आणि कवटीची हाडे वेळेवर जुळली नाहीत. शेकमन यांच्या प्रयोगशाळेने ती बदललेली कडी परीक्षानळीत तपासून हे ताडून पाहिले.

असा दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच मूल आजारी पडते. एकाकडूनच आला तर त्याची चाहूलही लागत नाही. सख्ख्या चुलत-मामे भावंडांत लग्ने होतात तिथे दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो, कारण आजोबा-आजी एकच. अशी बहुतेक मुले निरोगीच जन्मतात, त्यामुळे कुणी घाबरून सोयरीक मोडायची गरज नाही. पण घराण्यात पूर्वी एखादे मूल अशा न कळलेल्या आजाराने गेले असेल किंवा अपंग असेल, तर निकाहाच्या बोलणीआधी जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटावे. ही गोष्ट आपल्याकडे बायका-बायकांत कुजबुजली जाते आणि दोष सुनेच्या कपाळी येतो. निम्मा वाटा मुलाच्या बाजूचा असतो, हे तरी ठाऊक असावे.

अलीकडे शेकमन यांनी पेशीतून बाहेर सुटणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पिशव्यांवर काम केले आहे, त्यांना एक्झोसोम म्हणतात. हे नाव आता शहरांतल्या त्वचेच्या आणि केसांच्या दवाखान्यांच्या जाहिरातींतही झळकते. या पिशव्यांत काय भरले जाते आणि का, याचाच अजून अभ्यास चालू आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये याबाबत लोकांना सावध केले होते की, एक्झोसोमचे एकही उत्पादन मंजूर केलेले नाही. लग्नाआधी चेहऱ्यावर तेज यावे म्हणून हजारो रुपये मोजणाऱ्या मुलींनी एवढे लक्षात ठेवावे.

नोबेलच्या पैशाचे त्यांनी काय केले? बर्कलीत कर्करोगाच्या मूलभूत संशोधनासाठी एक प्राध्यापकपद उभे केले आणि त्याला आई एस्थर आणि बहीण वेंडी यांची नावे दिली. दोघीही कर्करोगाने गेल्या होत्या. डब्यातले पैसे उसने घेणारी ती हीच आई.

त्यांच्या पत्नी नॅन्सी वॉल्स यांना पार्किन्सनचा आजार होता. हाताला कंप, चालणे मंदावणे, आणि पुढे स्मृतीही हातातून निसटणे. सुमारे वीस वर्षे हे चालले. २०१७ मध्ये त्या गेल्या. या आजारात मेंदूच्या पेशीत अल्फा-सिन्यूक्लिइन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात, आणि हे प्रथिन राहते कुठे, तर निरोप वाहणाऱ्या पिशव्यांच्या अवतीभवती. सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटाने २००६ मध्ये ते खमिराच्या पेशीत भरपूर प्रमाणात बनवून पाहिले होते. सर्वांत आधी जे बंद पडले ते जालिकेपासून गॉल्गीपर्यंतचे दळणवळण, म्हणजे शेकमन यांनी तरुणपणी ज्या रस्त्याचे नाके शोधले तोच रस्ता.

पत्नीच्या पश्चात शेकमन यांनी ‘अलायनिंग सायन्स अक्रॉस पार्किन्सन्स’ या जगभरच्या प्रकल्पाचे वैज्ञानिक नेतृत्व स्वीकारले. गूगलचे एक संस्थापक सर्गेई ब्रिन यांच्या प्रतिष्ठानाचा त्याला आधार आहे. पैसे घेणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेवर एक अट आहे : जे सापडेल ते दडवायचे नाही, बाकीच्यांना लगेच वाचायला द्यायचे. अल्फा-सिन्यूक्लिइन माणसाच्या मेंदूत नेमके कोणत्या नाक्यावर अडखळते, आणि आधी गुठळी होते की आधी वाहतूक बंद पडते, याचा शोध तिथे चालू आहे.